राज्य कोणावर?

पहिल्या तालमीनंतर कापड तपकिरी झालं होतं. पिवळा, लाल आणि निळा असे तीन स्वच्छ रंग घेऊन आम्ही नऊजण त्यावर उतरलो होतो. चाळीस मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा मधोमध नुसता चिखल होता. मूळ रंग उरले होते ते कडेकडेला, जिथे कुणी फारसं फिरकलंच नव्हतं. सगळे हसत होते, पण ते दमलेलं हसू होतं. कोपरापर्यंत माखलेले हात पुढे धरून कुणीतरी विचारलं, "आता पुढे काय?" कल्पना माझी होती, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी बरीच वर्षं नाटक करते. नाटकात कोणत्या वाक्याला कुठे उभं राहायचं, कधी वळायचं, हे ठरलेलं असतं आणि त्यातही आनंद असतो. पण माणसं प्रेक्षकांसमोर खरोखर खेळतायत, खेळण्याचा अभिनय करत नाहीयेत, असं काहीतरी करून बघायची इच्छा बरेच दिवस मनात होती. रंग घ्यायचा ठरवला कारण हालचाल केली की संपते, रंग मात्र तिचा हिशेब ठेवतो. कोण कुठे गेलं, कोण रेंगाळलं, कुणाचा पाय घसटला, हे सगळं कापडावर राहतं. सात आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी तालीम आणि शेवटी एकच प्रयोग, प्रेक्षक चारही बाजूंनी, एवढंच ठरलं होतं. गटात दोन नर्तिका, माझ्यासकट तिघं नाटकातले, एक चित्रकार मैत्रीण, एक फिजिओथेरपिस्ट, एक कॉलेजातला मुलगा आणि निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणायचे.

पहिल्या दिवशी मी सूचना दिली होती, "हवं ते करा." मला ते उदारपणाचं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी चित्रीकरण बघायला बसले आणि चूक कळली. पहिली पाच मिनिटं खरी होती. थंडगार रंगात पाय पडल्यावर उठलेल्या किंकाळ्या, एकमेकांकडे टाकलेले कटाक्ष, सगळं होतं. त्यानंतर हळूहळू प्रत्येकजण आपापल्या जागी बसला आणि मान खाली घालून आपल्या पुढ्यातल्या रंगात बोटं फिरवू लागला. विसाव्या मिनिटानंतर एकानेही दुसऱ्याकडे बघितलेलं नाही. नऊ माणसं एका कापडावर होती, पण गट असा कुठे नव्हताच. मी वहीत लिहिलं : मोकळीक दिली, खेळ दिला नाही.

पण खेळाकडे वळण्याआधी रंगाचीच सोय लावावी लागली, कारण त्या पहिल्या संध्याकाळी एक नर्तिका घसरून माकडहाडावर आपटली होती. आम्ही कापडाखाली प्लॅस्टिक अंथरलं होतं. ओलं कापड प्लॅस्टिकवर सरकतं, आणि जिथे कापड सरकून प्लॅस्टिक उघडं पडतं तिथे रंग साबणासारखा वागतो. तिला चार दिवस नीट बसता येत नव्हतं. फिजिओथेरपिस्टने पुढच्या तालमीला आल्या आल्या सांगितलं की जमीन पक्की झाल्याशिवाय आपण एकालाही रंगात उतरू देणार नाही, आणि ते तिचं अगदी योग्य होतं. मग खाली प्लॅस्टिक, त्यावर जुन्या जाड सतरंज्या आणि सर्वात वर मांजरपाट, अशी तीन थरांची रचना झाली. कडा कापडी चिकटपट्टीने चारही बाजूंनी जमिनीला बांधल्या. नवं मांजरपाट खळीचं असतं, त्यामुळे रंग त्यात शिरत नाही, वरवर तरंगतो आणि निसरडं होतं. ते आधी दोनदा धुऊन घेतलं. धुतल्यावर ते आटलं, म्हणून पट्ट्या जोडून सात मीटर बाय पाच मीटरचा तुकडा शिवला तो धुतल्यानंतर. शिवणी सपाट बसवल्या, कारण उंच शिवणीला अनवाणी अंगठा अडकतो.

रंगाचंही तसंच. चित्रकार मैत्रिणीने ॲक्रिलिक पहिल्याच बैठकीत बाद केला. तो वाळला की अंगावर प्लॅस्टिकचा पापुद्रा होतो, काढताना हातावरचे केस ओढले जातात आणि कपड्यांवरून तर तो जातच नाही. सुटी रंगद्रव्यं तिने आणूच दिली नाहीत. कॅडमियम किंवा शिसं असलेली रंगद्रव्यं चित्रकार ब्रशने वापरतात, अंगाला फासत नाहीत, आणि सुटी पूड श्वासातून आत जाते ती वेगळीच. शेवटी मुलांसाठीचा, पाण्याने धुतला जाणारा टेम्पेरा घेतला. तो पातळ असतो, हातावरून ओघळतो. कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून त्याची खळ करायची आणि गार झाल्यावर रंगात मिसळायची, म्हणजे तो हाताला धरून राहतो आणि ठसा स्वच्छ उमटतो. बाटलीवर 'बिनविषारी' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ तो प्रत्येकाच्या त्वचेला चालेलच असा होत नाही. म्हणून सगळ्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून चोवीस तास वाट बघितली. मानेच्या वर रंग नाही, हा नियम तेव्हाच झाला आणि शेवटपर्यंत टिकला.

एक बारीकशी गोष्ट अनुभवातूनच कळली. ओला रंग अंगातली ऊब फार लवकर काढून घेतो. वीस मिनिटांत दात वाजायला लागतात आणि गारठलेलं शरीर खेळत नाही, आखडून घेतं. त्यानंतर आम्ही रंगाची भांडी सुरू करण्याआधी गरम पाण्याच्या टबात ठेवायला लागलो. कोमट रंगात पाय पडल्यावर चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं.

दर तालमीला इतका रंग, इतकं कापड आणि नंतर दीड तास सफाई हे परवडणारं नव्हतं. तेव्हा त्या कॉलेजातल्या मुलाने सुचवलं की पाण्याने करू. तालमीच्या खोलीतली फरशी गडद करड्या रंगाची होती. तिच्यावर ओला पंजा ठेवला की काळसर ठसा उमटायचा आणि चार-पाच मिनिटांत वाळून नाहीसा व्हायचा. ओल्या फरशीवर घसरायचं भय होतंच, म्हणून बादलीभर पाणी ओतायचं नाही, फक्त पिळलेल्या स्पंजने हातपाय ओले करायचे. पुढचे तीन आठवडे आम्ही जवळजवळ सगळं काम पाण्यात केलं. मला आज वाटतं, या तीन आठवड्यांशिवाय काहीच घडलं नसतं. रंग समोर असला की माणूस चित्र काढायला लागतो. पाण्याचा ठसा आपल्या डोळ्यांदेखत विरतो, तेव्हा तो राखायची धडपड सुटते आणि नजर वर उठते. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

त्याच काळात हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबानच्या वर्गीकरणाचा उपयोग झाला. हालचालीचा जोर कसा लागतो हे त्याने ज्या अंगांनी बघितलं, त्यातली तीन आम्ही घेतली : वजन जड की हलकं, वेळ झटक्याची की सावकाश, दिशा थेट की वळणावळणाची. प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणजे एकूण आठ मूळ प्रकार. ठोसा, दाब, सरकणं, तरंगणं, टिचकी, हलकी थाप, सपकारा आणि पिळणं अशी नावं आम्ही आपापसात दिली होती. नर्तिकांना हे पाठच होतं, पण ओल्या हाताने करून बघितल्यावर त्यांनाही नवं काही दिसलं. दाबलेला पंजा पूर्ण उमटतो, रेषांसकट. तरंगणाऱ्या हाताचं जवळजवळ काहीच राहत नाही, फक्त कुठे तरी एखाद्या बोटाच्या टोकाचा ठिपका. टिचकीचे थेंब तीन-तीन मीटर उडतात, आणि प्रेक्षक किती लांब बसवायचे ते आम्ही त्यावरूनच ठरवलं. सर्वात सुंदर पिळणं. टाचेवर वळत गेलेल्या पायाचा ठसा शंखासारखा दिसतो.

मधल्या एका संध्याकाळी आम्ही काहीच केलं नाही, फक्त फोटो बघितले आणि भांडलो. जपानमध्ये १९५४ साली जिरो योशिहारा यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या गुताई या चित्रकारांच्या गटाचे फोटो चित्रकार मैत्रिणीने आणले होते. त्यातले काझुओ शिरागा १९५५ मध्ये चिखलाच्या ढिगात उघड्या अंगाने उतरले, त्याच्याशी झुंजले. पुढे वर टांगलेल्या दोराला लोंबकळून पायांनी रंग पसरवत त्यांनी मोठमोठी चित्रं केली. साबुरो मुराकामी कागदाचे ताणलेले पडदे अंगाने फाडत आरपार गेले. त्या फोटोंनी आम्ही सगळेच भारावलो. मग फ्रेंच चित्रकार इव्ह क्लाइनचा ९ मार्च १९६० चा पॅरिसमधला कार्यक्रम आला. निळ्या रंगाने माखलेल्या विवस्त्र मॉडेल मुली कागदावर अंग टेकवतायत, वादक वीस मिनिटं एकच स्वर धरतायत आणि पुढची वीस मिनिटं शांत बसतायत, आणि क्लाइन स्वतः औपचारिक पोशाखात बाजूला उभा राहून सूचना देतोय. तो त्या मुलींना जिवंत ब्रश म्हणायचा.

एक नर्तिका म्हणाली, "ठसे सुंदर आहेत, पण ब्रशाला कुणी विचारलं का?" नाटकातला एकजण म्हणाला की तिथे त्या काळी जे घडलं ते धाडसाचंच होतं. दोघांचं बराच वेळ चाललं. मला त्यातून आमच्यापुरतं एक हवं होतं ते मिळालं. पहिल्या तालमीनंतर मी कापडाबाहेर उभी राहून सांगत होते, कोरड्या कपड्यांत. काका शांतपणे म्हणाले, "अगं, मग तूही उतर की." त्या दिवसापासून बाहेर उभं राहून सांगणारं आमच्यात कुणी उरलं नाही. चित्रीकरण बघून सगळे मिळून ठरवायचे. त्याने वेळ जास्त लागला, कधीकधी वैताग येईल इतका, पण निर्णय सगळ्यांचे झाले.

क्लाइनवरून सुरू झालेली गोष्ट पुढे संमतीवर आली, आणि ती आम्ही फार साधेपणाने सोडवली. प्रत्येकाने आपल्या पांढऱ्या सदऱ्यावर आणि पायजम्यावर खडूने स्वतःच रेघ आखायची, की कुठे स्पर्श चालेल. कुणी खांदे, पाठ आणि पोटऱ्या घेतल्या, कुणी फक्त दंड. दर तालमीला रेघ नव्याने आखायची. आज नको वाटत असेल तर आज आत घ्यायची, कारण सांगायची गरज नाही. या रेघांमुळे खेळ अडखळेल अशी मला भीती होती. उलट झालं. कुठे हात लावू नये याची काळजी गेल्यावर हात मोकळे झाले.

खेळ सापडला चौथ्या आठवड्यात, बऱ्याच फसलेल्या नियमांनंतर. आरशासारखी समोरच्याची नक्कल करून बघितली. छान दिसलं, पण त्यात जीव नव्हता. फासा टाकून रंग आणि हालचाल ठरवली; त्यात सगळ्यांचं लक्ष फाशाकडे, माणसाकडे नाही. डोळे बांधून केलं आणि पुन्हा कुणीतरी धडपडलं. मग एकदा विश्रांतीच्या वेळी, काम थांबलेलं असताना, कॉलेजातल्या मुलाने ओल्या पंजाने एका नर्तिकेच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडला, "तुझ्यावर राज्य!" ती त्याच्या मागे धावली. दहा सेकंदांत खोलीभर शिवाशिवी सुरू झाली, काकांसकट. चेहऱ्यांवर जे होतं त्याच्याच शोधात आम्ही चार आठवडे होतो. राज्य असलेला माणूस सगळ्यांना बघतो आणि सगळे त्याला बघतात. ज्याची मला पहिल्या चित्रीकरणात उणीव भासली होती ते या खेळात मुळातच आहे.

पण ओल्या कापडावर धावता येत नाही. म्हणून पळण्याची शिवाशिवी पावलांची झाली : ज्याच्यावर राज्य तो एक पाऊल टाकणार, मग बाकी सगळे एकदम एक पाऊल टाकणार, मग पुन्हा तो. दोन्ही पाय एका वेळी उचलायचे नाहीत. वाटलं होतं की वेग गेला की मजाही जाईल. झालं असं की माणूस तीन पावलांवर आहे, आपल्याकडेच येतोय हे दिसतंय आणि आपल्याला एकच पाऊल टाकता येतंय, हा ताण धावण्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. बघणाऱ्यालाही तो कळतो. आणि ओल्या कापडावरून आठ पावलं एकदम सुटली की 'चप्प' असा आवाज येतो. आम्ही संगीताचा विचार करत होतो, तो तिथेच सोडून दिला.

यात चित्र कसं येणार हे मात्र अजून ठरत नव्हतं. शिवल्यावर पंजा समोरच्याच्या अंगावर उमटतो, कापडावर नाही. दोन तालमी आम्ही इथे अडकलो होतो. उत्तर चित्रकार मैत्रिणीने दिलं : जिथे शिवलं गेलं, ती जागा ओली आहे तोवर कापडाला टेकवायची आणि मगच राज्य घ्यायचं. वाक्य एवढंसं, पण त्याने सगळी नृत्यरचनाच आमच्या हातात दिली. पोटरीला शिवलं तर बसून पाय आडवा टाकायचा. खांद्याला शिवलं तर एका कुशीवर उतरायचं. दोन खांद्यांच्या मधोमध शिवलं तर पाठीवर पडण्याशिवाय मार्ग नाही, आणि पाठीवर पडून पुन्हा उठायला जो वेळ लागतो तेवढ्यात बाकीचे स्तब्ध उभे. कोणती हालचाल करायची हे आता कुणीच आधी ठरवत नव्हतं. दुसऱ्याचा हात कुठे पडला यावर ते ठरत होतं. थोड्याच दिवसांत खोड्या सुरू झाल्या. कोपराच्या मागे शिवायचं, टाचेला शिवायचं, अशी जागा निवडायची की समोरच्याला ती जमिनीपर्यंत नेताना अंगाची घडी घालावी लागेल. नर्तिका ते सहज करायच्या. मी आणि कॉलेजातला मुलगा धडपडायचो, आणि चित्रीकरणात बघताना माझी नजर धडपडीवरच खिळायची, कारण तिथे शरीर खरंच विचार करताना दिसतं.

अमेरिकन कलाकार ॲलन काप्रो यांनी १९५९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलेल्या प्रयोगातून, घडणाऱ्या घटनेलाच कलाकृती मानणारा 'हॅपनिंग' हा शब्द रूढ झाला आणि तो ऐकला की वाटतं, सगळं उत्स्फूर्त असणार. प्रत्यक्षात त्या प्रयोगाची बारकाईने आखणी होती. कधी जागा बदलायची याच्या सूचनाही प्रेक्षकांना लेखी दिल्या होत्या. हे पूर्वी वाचलं होतं तेव्हा थोडी निराश झाले होते. आता वाचलं तर बरं वाटलं.

तपकिरीचा प्रश्न वाटेतच सुटत गेला. तीन मूळ रंग एकत्र आले की प्रत्येक रंग दुसऱ्याच्या वाट्याचा उजेड शोषून घेतो आणि शेवटी मातकट काळपट उरतं. त्याला इलाज रंगांच्या क्रमात होता. आधी फक्त पिवळा. त्याचं भांडं संपलं की लाल. पिवळ्यावर लाल पडला तर नारिंगी होतो, तोही जिवंत दिसतो. निळा सर्वात शेवटी आणि कमी. तोपर्यंत खालचे ठसे निम्मेअर्धे वाळलेले असतात, त्यामुळे निळा त्यात कालवला जात नाही, वर बसतो. एका बुडवणीला साधारण पंधरा मिलिलिटर रंग लागतो हे आम्ही मोजून बघितलं होतं. पिवळा आणि लाल प्रत्येकी अडीचशे, निळा दीडशे. पहिल्या दिवशी आम्ही चार लिटर ओतला होता.

काकांची गोष्ट इथे यायला हवी. चोवीस तासांच्या चाचणीत त्यांच्या कोपरावर लाल चट्टे उठले होते. त्यांनी स्वतःहून सांगितलं की आपण बाहेर बसून मदत करतो, बादल्या भरून ठेवतो. पाण्याच्या तालमींत ते होते, आणि सर्वांत जास्त रंगून खेळायचे ते तेच. आता रंग आला म्हणून त्यांनी उठून जायचं हे कुणालाच पटेना. कापडाच्या मधून आडवा एक मीटर रुंदीचा पट्टा पांढरा ठेवायचा, असं चित्रकार मैत्रिणीला तसंही हवं होतं, डोळ्याला विसावा म्हणून. तो पट्टा काकांचा झाला. ते पाणक्या झाले. त्या पट्ट्यावरून ते स्वच्छ पाण्याची लहान बादली घेऊन ये-जा करणार, सगळ्यांच्या पावलाबरोबर एक पाऊल. त्यांच्या खांद्यावर एक लांब पांढरं फडकं. पट्ट्यात पाय न ठेवता ज्याने त्या फडक्याचं टोक पकडलं, त्याला तीन पावलांपुरतं 'टाइम प्लीज'. फडकं हाताच्या अंतरावर यायला काका तुमच्या बाजूला असायला हवेत, आणि ते कधी कुणाला वाचवायचं हे स्वतः ठरवायचे. कुणाला मदत करायची, कुणाला टांगून ठेवायचं, यातली त्यांची मिष्कील नजर पुढे सगळ्या खेळाचा कणा झाली. एका नकारातून ही भूमिका आली, आणि ती काढली तर आता काहीच उभं राहणार नाही.

उरला शेवट. शिवाशिवी संपत नाही, मुलं घरी जातात म्हणून थांबते. शिट्टी वाजवून बघितली, दिवे मालवून बघितले, सगळे एकदम थिजतात असं करून बघितलं. प्रत्येक वेळी बाहेरून कापल्यासारखं वाटायचं. मग रंगीत तालमीत, जी आयुष्यात पहिल्यांदा खरोखर रंगीत होती, निळा संपला. भांडं रिकामं, पण राज्य अजून होतं. चित्रकार मैत्रिणीच्या कोरड्या हाताने माझ्या दंडाला स्पर्श झाला. ठसा उमटला नाही. मी क्षणभर थांबले. शिवलं गेलंय हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. मी दंड कापडाला टेकवला, काहीच उमटलं नाही, आणि मी राज्य घेतलं. नंतर चित्रीकरण बघताना कुणी काही बोललं नाही. शेवट ठरला : रंग संपला की खेळ संपत नाही, ज्याला वाटेल त्याने तो कोरड्या हाताने चालू ठेवायचा, आणि कुणालाच ठेवावासा वाटला नाही की थांबायचं.

प्रयोगाबद्दल थोडक्यात सांगते. साठेक प्रेक्षक होते, कापडापासून साडेतीन मीटरवर बसलेले. पहिल्या पिवळ्याला दोघांचे पाय निसटले, पण ते सावरले. एका सतरंजीला घडी पडली होती ती आधी तपासायला हवी होती. पावलांचा 'चप्प' रिकाम्या खोलीत घुमायचा तसा भरलेल्या सभागृहात घुमला नाही, आणि मला त्याची चुटपुट लागली. लाल येईपर्यंत प्रेक्षकांना नियम कळले होते. एका बाईंनी "मागे, मागे बघ!" असं नर्तिकेला मोठ्याने सांगितलं, आणि त्यानंतर बाकीच्यांनीही लाज सोडली. निळा चोविसाव्या मिनिटाला संपला.

त्यानंतर चार कोरडे स्पर्श झाले. चौथा कॉलेजातल्या मुलाला. त्याने गुडघा टेकवला, उठला, आणि कुणाकडेही न वळता पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. हे ठरलेलं नव्हतं. त्याने काकांच्या बादलीत दोन्ही हात बुडवले आणि पाणी निळसर होईपर्यंत धुतले. मग फडक्याला पुसले. मग पुन्हा एकदा धुतले. आम्ही सगळे उभे होतो, कारण त्याने पुढचं पाऊल टाकलेलं नव्हतं. त्याने काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. मुलाने ओला, स्वच्छ पंजा त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

काकांनी बादली खाली ठेवली. गुडघ्यांना जपत, एका हाताचा आधार घेत ते पट्ट्यावर कुशीवर उतरले आणि खांदा टेकवला. वेळ लागला. उठायला त्याहून जास्त लागला, पण कुणी हात दिला नाही, त्यांना तो नको होता हे आम्हाला सात आठवड्यांत माहीत झालं होतं. पांढऱ्या मांजरपाटावर खांद्याच्या आकाराचा ओला, करडा डाग पडला होता. काका ताठ उभे राहिले, आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. आम्ही आठहीजणांनी एक पाऊल मागे घेतलं. ते हसले, आणि तिथेच थांबले.

दिवे लागले. प्रेक्षक उठून कापडाभोवती गोळा झाले, वाकून ठसे बघू लागले, हा कुणाचा, तो कुणाचा असं विचारू लागले. ते पांढऱ्या पट्ट्यापर्यंत पोचेतो काकांचा ठसा वाळून गेला होता.